गोठ्याला बाळाचा हात लागू द्या

नाताळ आला की वसईकडच्या ख्रिस्ती घरांत गोठा मांडतात. गवतावर बाळ येशू, शेजारी मरियामाता, गाय, मेंढरं. पण घरचं दीड-दोन वर्षांचं बाळ जवळ गेलं की ओरडा होतो, "हात लावू नको रे!" हे मला पटत नाही. सन १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल व खरं गाढव आणून गोठा दाखवला, लोकांना डोळ्यांनी पाहता यावा म्हणून. लहान बाळ तर हातानंच पाहतं! तेव्हा मणी, काचेचे गोळे उंच ठेवावेत, कारण बाळ सारं तोंडात घालतं. गवताजवळ मेणबत्ती नकोच. खाली कापडाची मेंढरं मांडावीत. सण बाळाच्या जन्माचा, आणि घरचं बाळ कोपऱ्यात रडतंय, हे बरं दिसतं का? तुम्हीच सांगा.