वेदनेची टक्केवारी

यंत्रमागापुढे वीस-पंचवीस वर्षे उभे राहिल्यामुळे कंबर धरलेला इचलकरंजीचा एखादा कामगार अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात येतो, अशी कल्पना करावी. त्याचे हातपाय शाबूत आहेत, दृष्टी चांगली आहे, तपासणीच्या खोलीत तो स्वतःच्या पायांनी चालत शिरतो. मात्र अर्धा तास उभे राहिले की त्याला बसावे लागते आणि बसले की उठवत नाही. रात्रीची झोप तुटते. महिन्यातील दहा-बारा दिवस अंथरुणावर जातात. डॉक्टर त्याला वाकायला सांगतात, क्ष-किरण चित्र उजेडाकडे धरून पाहतात आणि टक्केवारीच्या रकान्यात असा आकडा भरतात, की ज्यावर त्याला काहीही मिळणार नाही. डॉक्टरांनी अन्याय केला असे म्हणता येत नाही. त्यांनी नियम पाळला. दोष आहे तो नियमाने विचारलेल्या प्रश्नात.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले आणि बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. या एकवीस प्रकारांत दीर्घकालीन वेदना नाही. हाडे, सांधे व स्नायू यांच्या अपंगत्वाचे मोजमाप सांध्याची हालचाल, स्नायूंचे बळ आणि शरीराचे स्थैर्य यांवरून होते. वेदनेचा विचार झालाच, तर तो दुसऱ्या एखाद्या व्यंगाची पुरवणी म्हणून. वास्तविक याच कायद्यातील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या कितीतरी उदार आहे. दीर्घकालीन व्याधी आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही तो दिव्यांग, असा तिचा आशय आहे. व्याख्येने उघडलेले दार परिशिष्टातील यादीने पुन्हा लोटून घेतले आहे.

याच यादीत सिकलसेल या आजाराचा समावेश झाला, ही घटना बोलकी आहे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासींना ग्रासणाऱ्या या आजारातील सर्वांत मोठा भोग म्हणजे अधूनमधून उसळणाऱ्या असह्य वेदना. म्हणजे वेदना माणसाला निकामी करू शकते हे कायद्याला मान्य आहे. फक्त तिचे मूळ रक्ताच्या तपासणीत दिसले पाहिजे, एवढीच त्याची अट आहे. ज्यांच्या वेदनेला असा साक्षीदार नाही, त्यांचे म्हणणे ऐकायला रकानाच नाही.

चित्रात दिसते तेवढेच खरे, ही समजूत वैद्यकशास्त्रालाही आता मान्य राहिलेली नाही. ज्यांना पाठदुखीचा मुळीच त्रास नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या दिसतात. झीज आहे पण दुखत नाही, आणि दुखते पण झीज दिसत नाही, असे दोन्ही प्रकार संभवतात. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले असून, ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे.

तरीही शासनाच्या सावधपणाला आधार नाही असे नाही. मदत कोणाला द्यावी हे ठरवताना सरकारला माणसाची खरी गरज दिसत नाही. म्हणून ते सहज दिसणाऱ्या एखाद्या खुणेचा आधार घेते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये या पद्धतीची मीमांसा केली. खूण नेमकी असेल तर थोड्या पैशांत गरजूंना पुरेशी मदत देता येते. खूण चुकली तर मात्र दोन प्रकारच्या चुका होतात: अपात्राला मिळते, किंवा पात्राला मिळत नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ उठला. पहिल्या प्रकारच्या चुकीची शंका आली तरी ती अशी पहिल्या पानावर येते. दुसऱ्या प्रकारची चूक कोणाच्या तरी घरात, चार भिंतींच्या आड राहते. साहजिकच शासनयंत्रणा पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी वाढवीत जाते.

इतर देशांनी हा तिढा कसा हाताळला? अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने असे ठरविले की, केवळ अर्जदार सांगतो म्हणून वेदना सिद्ध होत नाही. परंतु वैद्यकीय पुराव्याच्या जोडीने तिचा विचार केलाच पाहिजे. सर्वांगात वेदना निर्माण करणाऱ्या फायब्रोमायल्जिया या आजाराबाबत २०१२ मध्ये तेथील सामाजिक सुरक्षा प्रशासनाने स्वतंत्र नियम केला आणि एका दिवसाच्या तपासणीऐवजी दीर्घ काळाच्या नोंदींना महत्त्व दिले. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लागू झालेल्या भत्त्यासाठी आजाराचे नाव निर्णायक नसते. स्वयंपाक, अंघोळ, चालणे अशी कामे माणसाला सुरक्षितपणे, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात करता येतात का, आणि ही अडचण निम्म्याहून अधिक दिवस असते का, हे पाहिले जाते. प्रश्न योग्य आहे. पण तो घाईने विचारला तर काय होते हेही तेथेच दिसले. या भत्त्याबाबत न्यायाधिकरणापुढे सुनावणीस आलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अपिले वर्षानुवर्षे अर्जदारांच्या बाजूने लागत आली आहेत.

आपल्याकडे यापासून घेण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. परिशिष्टात आणखी प्रकारांची भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहेच. तात्पुरत्या मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. वर्षभराच्या उपचारांच्या नोंदी आणि रोजच्या कामांची पाहणी यांवर आधारलेले, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासले जाणारे प्रमाणपत्र वेदनाग्रस्तांना देता येईल. ढोंग तासाभराच्या तपासणीत निभावून नेता येते. वर्षभराच्या नोंदींपुढे ते टिकणे अवघड. प्रमाणपत्र नाकारताना कारणे लेखी कळवावीत असे नियम सांगतात, आणि निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद कायद्यात आहे. परंतु ज्याला तालुक्याच्या गावी एक खेप करायलाही दुसऱ्याचा खांदा लागतो, त्याने अपील करावे ही अपेक्षा कागदावरच राहते.

खर्च वाढेल हा आक्षेप घेतला जाईल. तो वाढेल हे खरे. पण रकमा काय आहेत तेही पाहावे. केंद्राचे अपंगत्व निवृत्तिवेतन ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीलाच मिळते. २००९ मध्ये ते दरमहा २०० रुपये होते, २०१२ मध्ये ३०० झाले. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे अनुदान दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला, तो स्वागतार्हच आहे. एवढ्या रकमेसाठी कोणी धडधाकट माणूस वर्षभर रुग्णालयाच्या खेपा घालील आणि रोजची मजुरी बुडवील, असे मानण्यात व्यवहारज्ञान दिसत नाही. उलट, नाकारलेल्या माणसाचा खर्च नाहीसा होत नाही. तो त्याच्या बायकोच्या वाढीव कामात, मुलाच्या सुटलेल्या शाळेत आणि सावकाराच्या वहीत जमा होतो. सरकारी अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही, एवढेच.

त्या कामगाराला कंबर किती अंशांत वाकते हे विचारले गेले. सकाळी उठून तो काय करू शकतो आणि उद्या तेच पुन्हा करू शकेल काय, हे कोणी विचारले नाही. हा प्रश्न अर्जावर छापला जाईपर्यंत त्याच्यासारख्यांची टक्केवारी चुकीचीच येत राहणार.