सल्ला दुसऱ्यांच्या मुलांसाठी

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, गुणपत्रिकेच्या चार-चार प्रती. रांगेतल्या आईबापांची चर्चा ऐकली तर ती सायन्स की कॉमर्स, आणि कुठलं कॉलेज, एवढीच असते. कॉलेजला घालायचं की नाही, हा प्रश्न त्या रांगेत कुणी काढत नाही. तो निघतो व्यासपीठावर. पदव्यांची भेंडोळी घेऊन काय करायचं, प्लंबर इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो, पोरांनी हातात पाना घ्यावा, असं प्रवचन गेली काही वर्षं जोरात आहे. मंत्री ते देतात, कारखानदार देतात, सत्काराला उत्तर देताना निवृत्त कुलगुरू देतात आणि आम्ही संपादक मंडळीही त्यात मागे नाही. मात्र हे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांची मुलं आयटीआयला आहेत, हे एकदा मोजून बघावं. आमच्या ओळखीतल्या लेखक, प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकारांची यादी मनात फिरवली, तर एकही नाव सापडलं नाही.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग हाताच्या कामावर आहे. म्हणून या प्रवचनाची थोडी झाडाझडती इथेच घेतलेली बरी.

प्रवचनकारांच्या हाती अलीकडे एक आकडा लागला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या एका अभ्यास संस्थेबरोबर २०२४ साली भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. झालं! शिकल्याने माणूस बेकार होतो, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. पण ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते ओझं उचलतो, आणि पाहणीत त्याची नोंद कामावर असलेला अशी होते. पदवीधर वाट बघतो, कारण त्याच्या शिक्षणावर घरच्यांनी एकरभर रान गहाण टाकलेलं असतं आणि मिळेल त्या कामाला जाणं म्हणजे ते सगळं पाण्यात घालणं. म्हणून तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आणखी एक वर्ष काढतो. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि अर्जदारांत इंजिनिअरही होते. त्यांना खाकीचं वेड लागलं होतं असं नाही. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो आणि उद्यापासून येऊ नको असं कुणी सांगत नाही, अशी नोकरी त्यांना दुसरीकडे दिसली नाही.

आपण इथवर कसे आलो, हे पाहायला १९८३ हे साल सोयीचं आहे. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. त्याआधी इथली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साखर कारखान्यांच्या माळावर कॉलेजं उभी राहिली, शिक्षणसम्राट हा शब्द रूढ झाला आणि काही वर्षांनी त्यातल्याच काही इमारतींत विद्यार्थी मिळेनासे झाले. चेष्टा करायला हा विषय सोपा आहे. पण त्याच कॉलेजांतून ज्यांच्या घरात आधी कुणी मॅट्रिकही नव्हतं, अशी मराठवाड्याची, खानदेशाची मुलं हिंजवडीला आणि तिथून साता समुद्रापार पोचली, हेही खरं आहे.

त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून नामांकित कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस. शाळा सुटलेल्या पोरांना घेऊन त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, जनावरांची निगा, पाणी-माती तपासणं असं सगळं शिकवायला घेतलं, आणि तेही गावाची खरी कामं करता करता. गावातली दुरुस्ती हाच धडा आणि तीच परीक्षा. या प्रयोगातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे काही माध्यमिक शाळांतही गेला. ज्यांनी स्वतः फारसं शालेय शिक्षण घेतलं नव्हतं त्या वसंतदादांनी कॉलेजं काढू दिली आणि ज्यांच्याकडे सर्वांत मोठी पदवी होती त्यांनी कार्यशाळा काढली. राज्याने दादांची वाट धरली. पाबळचं आपण कौतुक केलं, सहली नेल्या, लेख लिहिले.

आता ज्याला आपण सहज ‘हातात पाना घेणं’ म्हणतो, ते जरा जवळून बघू. आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये आलेल्या मुलाचे पहिले कित्येक दिवस कानशीबरोबर जातात. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा एक तुकडा पकडायचा. त्याला सगळे ‘जॉब’ म्हणतात. तो घासून सपाट करायचा आणि कडा काटकोनात आणायच्या. ऐकायला बालवाडीचं काम वाटतं. पण नवख्याच्या हातात कानस डुलते, पुढे जाताना नाक खाली जातं, मागे येताना मूठ खाली जाते, त्यामुळे जॉबच्या कडा झिजतात आणि मध्ये उंचवटा राहतो. डोळ्याला तो दिसत नाही. मग ट्रायस्क्वेअर लावून जॉब खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की सर म्हणतात, ‘परत.’ आम्ही गेलो होतो त्या कार्यशाळेत एक मुलगी हेच करत होती. तिने तीनदा जॉब उजेडाकडे धरला, तीनदा स्वतःच ‘परत’ म्हटलं आणि घासायला लागली. सर तोवर दुसऱ्या टोकाला होते.

शेजारी टर्नर ट्रेडची मुलं लेथवर निमुळता दांडा काढत होती. दोन्ही टोकांच्या व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, की मिळतो अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. त्या कोनात कंपाउंड स्लाइड फिरवायची. त्रिकोणमितीला घाबरून दहावीत जेमतेम पास झालेला मुलगा हे तोंडपाठ सांगत होता, कारण कोन चुकला की दांडा भंगारात जातो. शाळेने दहा वर्षांत त्याला जे पटवून दिलं नाही, ते लेथने सहा महिन्यांत दिलं. हाताचं काम हे कमी डोकं असलेल्यांसाठी, असं मानणाऱ्यांनी या दांड्यावर हात ठेवून तेच पुन्हा म्हणावं.

तरीही. हा अंक छपाईला गेला तेव्हा मुखपृष्ठाच्या पहिल्याच कागदावर मशीनमनने डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, ‘निळा हललाय.’ चित्रकाराला दिसला नव्हता, आम्हाला तर नाहीच. त्याने रजिस्टर जुळवलं, दोन कागद काढले, पुन्हा भिंग लावलं. हा माणूस दहावी नापास. मुलगी काय करते म्हणून विचारलं, तर म्हणाला इंजिनिअरिंगला आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हटलं, इतकी कला तुमच्या हातात, ती नाही का शिकवली कुणाला घरात? त्याने आमच्याकडे असं पाहिलं की उत्तराची गरज उरली नाही. दिवाळीच्या मोसमात दोन-दोन पाळ्या, डोक्यात भिनलेला शाईचा आणि रसायनांचा वास, ना प्रॉव्हिडंट फंड, ना पगारी रजा. स्वतःची कला त्याला प्यारी आहे. पोरीचं आयुष्य जास्त प्यारं आहे.

कारागिरीची थोरवी सांगणाऱ्यांनी इथे अडखळायला हवं. ज्यांना काम उत्तम येतं तेच आपल्या मुलांना त्यापासून लांब ठेवतात, तेव्हा त्यांना कामाचं मोल कळत नाही असं म्हणता येत नाही. मोल त्यांना कळतं. बाजार ते देत नाही, एवढंच.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक जुनी ठसठस आहे. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली: मुलांनी निम्मा वेळ शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. हेतू चांगलाच असेल. शिक्षणाचा खर्च वाचेल, जास्त मुलं शाळेत येतील, हात वळतील. पण घरचा धंदा म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा आणि चांभाराच्या पोराने आरी, हे तिथल्या लोकांनी एका क्षणात ओळखलं. पेरियारांनी आणि द्रमुकने रान उठवलं, ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, असं नाव त्या योजनेला चिकटलं, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. ज्याला पिढ्यान् पिढ्या सांगितलं की तू हातानेच काम कर, त्याला आज पुन्हा कुणी तेच नव्या शब्दांत सांगितलं तर तो दचकतो. त्याचं दचकणं रास्त आहे. बाबासाहेबांनी जातीची जी चिकित्सा केली, तिचा गाभाच हा होता की इथे नुसती कामं वाटलेली नाहीत, माणसंही वाटली आहेत.

महाराष्ट्राकडे याचं एक उत्तर होतं आणि ते साताऱ्यातून आलं. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. त्यांची वसतिगृहातली मुलं माती खणत, शेतात राबत, दगड फोडत, आणि त्याच कमाईवर कॉलेजला जात. कॉलेज किंवा काम असा पर्याय त्यांनी ठेवलाच नाही. घाम हे शिक्षणाच्या दाराचं भाडं होतं आणि ते सगळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीला बसून भरायचं होतं. आजची कौशल्याची भाषणं यातलं काम उचलतात आणि कॉलेज तेवढं हळूच वगळतात.

हल्ली दाखला जर्मनीचा दिला जातो. २०२४ मध्ये राज्याने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून तर फारच. जर्मनीत मुलगा कंपनीशी लेखी करार करतो, आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कामावर घालवतो, तीन-साडेतीन वर्षं पगार घेत शिकतो. परीक्षा व्यापार-उद्योगांची मंडळं घेतात. पुढे तो ‘माइस्टर’ झाला की देशाच्या पात्रता आराखड्यात त्याचा स्तर पदवीधराच्या बरोबरीचा, सहावा. तिथेही सगळं आलबेल नाही. बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांची वाटणी वेगवेगळ्या शाळांत होते आणि कामगारांची मुलं पुन्हा कामगारांच्याच रांगेत जातात, ही टीका तिथले लोकच करतात. पण करार, पगार आणि बरोबरीचा दर्जा या तीन गोष्टी आहेत. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७ हजार ठरलं. चाकण किंवा वाळूजला एक कॉट भाड्याने घेऊन, मेस लावून त्यातलं काय उरतं, याचा हिशेब भाषणं करणाऱ्यांनी मांडावा. शिकाऊपण संपलं की कंत्राटी, कंत्राट संपलं की दुसऱ्या गेटवर रांग. पर्मनंट नाही म्हणून सोयरीक जुळत नाही. मुलीकडचे लोक वाईट नसतात, त्यांना विचारायचं असतं की आजारपण आलं तर काय.

तेव्हा सगळ्यांनी कॉलेजला जावं का? आमचं उत्तर नाही असंच आहे. ज्या मुलाला लेथवर टॅन्जंट कळतो त्याला तीन वर्षं गाइडं पाठ करायला लावणं ही चैन कुणालाच परवडणारी नाही. पण कुणी जाऊ नये, हे जोवर बापाच्या खिशावरून आणि आडनावावरून ठरत असेल, तोवर आईबापांनी कॉलेजचा हट्ट सोडू नये असंही आम्हाला वाटतं. आधी कारागिराच्या कामाला दर, विमा आणि मान द्या. घरी नळ दुरुस्त करून गेलेल्या माणसाच्या पाचशे रुपयांवर कुरकुर करायची आणि डॉक्टरांच्या फीला मान डोलवायची, हेही यात आलं. आयटीआयच्या पाट्यांवर थोरांची नावं लावून झाली आहेत. आता आतल्या यंत्रांचं वयही कुणीतरी विचारावं.

एक रस्ता आहे आणि तो फार कमी घरांत माहीत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथून डिप्लोमा, आणि डिप्लोमानंतर पुन्हा थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. म्हणजे कानस चालवलेला हात पदवीपर्यंत जाऊ शकतो. विशेष विभागात या वाटेने गेलेल्यांचे अनुभव आहेत, अर्ध्यावर फी भरता न आल्याने थांबलेल्यांचेही आहेत. काहींनी लिहून पाठवले, काहींनी सांगितले आणि आम्ही उतरवून घेतले. कथालेखकांना जेवढं मानधन, तेवढंच त्यांनाही दिलं आहे. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे, त्यामुळे काही पानांवर वर्कशॉपचे शब्द भरपूर भेटतील. त्यांचे अर्थ तळटिपांत दिलेले नाहीत. शेजारच्या गॅरेजमध्ये विचारावेत.



— संपादक