'थोडे' की 'थोडेच'?



'फ्यू' म्हणजे थोडे, 'अ फ्यू' म्हणजेही थोडे. 'लिटल' म्हणजे थोडे, 'अ लिटल' म्हणजेही थोडे. मुलांच्या वहीत आपण असेच अर्थ लिहून देतो आणि रिकाम्या जागेत चुकलं की लाल फुली मारतो. मीही काही वर्षं हेच केलं. एकदा पाचवीतल्या मुलीने विचारलं, "बाई, अर्थ सारखाच आहे, मग माझं चुकलं कसं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आपल्या मराठीतल्या 'च'मध्ये आहे. टाकीत थोडं पाणी आहे, म्हणजे हात धुवून घ्या, चालेल. हे 'अ लिटल वॉटर'. टाकीत थोडंच पाणी आहे, म्हणजे जपून वापरा. हे 'लिटल वॉटर'. टाकी तीच, पाणी तेवढंच. बोलणाऱ्याला ते कसं वाटतं यावर शब्द ठरतो. 'अ फ्यू' आणि 'फ्यू'चंही तसंच, फक्त तिथे मोजता येणाऱ्या वस्तू. एक सांभाळा: काही मुलं 'अ' म्हणजेच 'च' समजतात. इंग्रजीत 'अ' नसेल तिथे मराठीत 'च' येतो. ('क्वाइट अ फ्यू' म्हणजे तर चक्क बरेच! ते सध्या राहू द्या.)

'मेनी' आणि 'मच'ला मात्र मराठीचा आधार घेऊ नका. आपल्याकडे दोन्हींना 'खूप'च. मोजता येण्याचा नियम पाठ असूनही मुलं 'हाउ मेनी मनी' लिहितात, कारण पैसे तर आपण रोज मोजतो! तांदूळ निवडले, केस विंचरले, पैसे संपले, मराठीत सगळी अनेकवचनं. इंग्रजीत राइस, हेअर, मनी यांना 'मच' लागतो. म्हणून इंग्रजी शब्दापुढेच आकडा लावून बघायला सांगा. 'टू रुपीज' म्हणतात, 'टू मनी' म्हणत नाहीत.

आणि आपली प्रश्नपत्रिकाही तपासा. 'आय हॅव ___ फ्रेंड्स' एवढंच दिलं तर 'फ्यू' आणि 'अ फ्यू' दोन्ही बरोबर. पुढे 'सो आय फील लोनली' असं काही जोडलं, तरच एक उत्तर ठरतं. त्या मुलीच्या पेपरात असाच अर्धवट प्रश्न होता. तिचा गुण मी दुसऱ्या दिवशी वाढवून दिला.