हात तोच, खेळाडू तीन

‘पोकर म्हणजे नुसतं नशीब, आणि जिंकणारे जात्याच बेडर,’ हे इथे इंग्लंडात दरवर्षी दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकावं लागतं. दोन्ही गोष्टी चूक आहेत. स्वभाव नवशिक्याच्या खेळात दिसतो. कौशल्य वाढतं तसा तो मागे पडतो.

एक डाव बघा. टेबलावर चार पत्ते उघडे, एक यायचाय. तुमचे दोन धरून चार बदाम झालेत; पाचवा आला तर फ्लश. मधे ६० पेन्स होते, समोरच्याने ३० लावले. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९, म्हणजे शक्यता जेमतेम २० टक्के. तीस घालून नव्वद मिळवायचे तर २५ टक्के हवी.

नवशिक्या म्हणतो, ‘येईल की!’ आणि पैसे टाकतो. हात पोळल्यावर तो टक्के मोजायला शिकतो आणि पॅक करतो. ठीकच. पण तिसरा खेळाडू याच पानांवर कधी कधी रक्कम वाढवतो, कारण आता वाटा दोन: समोरचा पॅक करेल, नाहीतर बदाम येईल. समोरचा कधीच पानं न टाकणारा असला, तर मात्र हाच मुकाट्याने पॅक करतो. ‘माझी शैली’ असं काही उरतच नाही. समोर कोण बसलंय, एवढंच उरतं.

आपण बहुतेक दुसऱ्या पायरीवरच मुक्काम ठोकतो. चांगली पानं येईपर्यंत थांबायचं, मग लावायचं. तोवर सगळ्यांनी ओळखलेलं असतं, आणि सगळे पॅक करतात. मीही चार वर्षं असाच खेळलो, आणि संशोधनाच्या अनुदानांचे अर्जही तसेच केले: खात्री असेल तिथेच. फारसं हरलो नाही. जिंकलो तर नाहीच.

जुगारच ना, म्हणाल? व्हिक्टोरिया कोरेन मिचेल यांनी २००६ साली लंडनला आणि २०१४ साली सान रेमोला युरोपियन पोकर टूरची मुख्य स्पर्धा जिंकली. ती दोनदा जिंकणाऱ्या त्या पहिल्या. त्याच २०१४ मध्ये प्रायोजक कंपनीने कॅसिनोचे खेळ सुरू केले, तेव्हा त्यांनी करार सोडला. रूलेच्या चाकासमोर वीस वर्षं बसलात तरी तुमचा खेळ सुधारणार नाही. फरक तिथेच आहे.

यंदा शेंगदाणे लावून खेळा. आणि डाव संपल्यावर ‘जिंकलो का?’ विचारू नका. ‘निर्णय बरोबर होता का?’ विचारा.