कुंभाराचे शेत कोणासाठी?

यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मंदिराच्या खजिन्यात घेता येईनात, तेव्हा मुख्य याजकांनी त्यांतून कुंभाराचे शेत विकत घेतले आणि ते परक्यांच्या दफनासाठी नेमून दिले. पैसा डागाळलेला होता, म्हणून तो उपऱ्यांच्या वाट्यास गेला. डागाळलेल्या जमिनीबाबत आजच्या नगरपालिकांचे धोरण याहून निराळे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

इंग्लंडमधील कॉर्बी नगराचे उदाहरण घ्या. १९८० साली तेथील पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या आणि हजारो कामगार बेकार झाले. नगरपालिकेने कारखान्याची शेकडो एकर जमीन घेऊन ती नव्या उद्योगांसाठी साफ करावयास काढली. हेतू चांगलाच होता. परंतु विषारी गाळाचे ट्रक गावातून उघडेच धावले. रस्त्यांवर सांडलेला चिखल वाळला आणि धूळ होऊन घराघरांत शिरला. त्या वर्षांत काही मातांच्या पोटी हातांत व्यंग असलेली मुले जन्मास आली. जुलै २००९ मध्ये उच्च न्यायालयाने नगरपालिकेस हलगर्जीपणाबद्दल जबाबदार धरले. २०१० मध्ये तिने भरपाई देऊन प्रकरण मिटविले. जमिनीची मालक तीच, काम करवून घेणारी तीच आणि नागरिकांच्या आरोग्याची राखणदारही तीच! मग जाब कोणी कोणास विचारावा?

हे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईत देवनारच्या डंपिंग ग्राऊंडवर १९२७ पासून कचरा पडत आला आहे. तेथील सुमारे १२४ एकर जमीन २०२४ मध्ये राज्य शासनाने धारावीच्या पुनर्विकासासाठी देऊ केली. कचऱ्याच्या डोंगरावर वसावयाचे कोणी? मलबार हिलच्या रहिवाशांनी खचित नव्हे!

‘मग जमीन ओसाड ठेवावी काय?’ असे विचारले जाते. मुळीच नाही. पडीक जमीन शुद्ध करून वापरात आणणे हे शेते आणि पाणथळी गिळण्यापेक्षा शतपटीने श्रेयस्कर होय. आमचे भांडण घाईशी आणि गुप्ततेशी आहे. ढीग हलविला म्हणजे विष हलले असे नव्हे. कचऱ्यातून पाझरलेले पाणी मातीत आणि भूजलात मुरलेले असते.

केंद्र शासनाने २०२५ मध्ये दूषित स्थळांविषयी नियम केले. संशयित जागांची यादी, तपासणी आणि दूषण करणाऱ्यावर शुद्धीकरणाचा खर्च, ही त्यांतील तत्त्वे स्वागतार्ह आहेत. परंतु डंपिंग ग्राऊंडच्या घनकचऱ्याचे दूषण, त्यासाठी वेगळे नियम आहेत म्हणून, यांतून वगळले आहे. गरिबांच्या उशाशी असते तेच नेमके वगळले जावे, हे आम्हांस पटत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पालिकेने दूषित जमिनींची सर्वे नंबरनिहाय नोंदवही लोकांपुढे ठेवावी. माती आणि पाणी त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावे. अहवाल मराठीत प्रसिद्ध झाल्यावाचून एकाही इमारतीस परवानगी देऊ नये.

वाचकहो, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनी प्रार्थनेनंतर एक अर्जही लिहावा. शुभवर्तमानातील धन्याने कारभाऱ्याकडे हिशेब मागितला होता. येथे धनी आपण आहोत आणि हिशेब मागण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.