रेल्वेचा पास आणि आपली मुले

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेले बाल भीमराव आणि त्यांच्यासोबतची मुले मसूर स्थानकापर्यंत रेल्वेने सुखरूप पोहोचली. छळ सुरू झाला तो स्थानकाबाहेर. मुलांची जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असा तोडगा निघाला. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी तोच अनुभव दिला. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाला लगाम हाती घ्यावा लागला आणि बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले. या दोन्ही हकिकती त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. आम्ही त्या वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांचे लक्ष अपमानाकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. पैसे मोजल्यावर रेल्वेने त्यांना मसूरपर्यंत आणले. खाजगी गाडीवानाने दुप्पट पैसे घेऊनही गाडी हाकण्याचे काम मुलांवरच टाकले. सार्वजनिक वाहन ही आपल्या समाजासाठी केवळ सोयीची बाब कधीच नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या शाळेतून दहावी-बारावी होऊन मुंबईस जाणाऱ्या मुलामुलींच्या वाटेत आज गुणांपेक्षा अधिक वेळा प्रवासखर्च आडवा येतो. वसतिगृहात जागा मिळत नाही, शहरात खोलीचे भाडे परवडत नाही. मग मूल कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा ठिकाणी मामाकडे वा आत्याकडे राहते. महाविद्यालय मात्र फोर्टात, दादरला किंवा कलिन्याला असते. शुल्कमाफीचा हिशेब पालक प्रवेशाआधी करतात, जाण्यायेण्याचा कोणी करीत नाही. पहिल्या सत्रातच मूल तासांना दांड्या मारू लागते आणि आपण म्हणतो, शहराची हवा लागली.

वस्तुतः या देशातील अत्यंत स्वस्त प्रवासांपैकी एक प्रवास मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा आहे. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये. मासिक पास त्याहून स्वस्त पडतो, आणि तिमाही पासाला तीन महिन्यांचे नव्हे, २.७ महिन्यांचेच पैसे लागतात. विद्यार्थ्याला या पासावर ५० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद रेल्वेच्या सवलतींत आहे. खर्चाकडे बोट दाखवून मुलीला तालुक्याच्या महाविद्यालयातच ठेवणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

सवलतीचा अर्ज महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळतो. तेथेच आपल्या काही मुलांचे पाऊल अडखळते. खिडकीपाशी वर्गमित्र उभे असतात आणि अर्जावर प्रवर्ग लिहायचा असतो. म्हणून ५० टक्क्यांचा अर्ज घेऊन परतणारी, किंवा सवलतच न घेणारी मुले आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गात आपली जात कोणाला कळावी हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. अर्ज गुपचूप देण्याची व्यवस्था महाविद्यालयांनी करावी, हे खरे. परंतु धर्मांतरानंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती कायद्याने मिळायला १९९० साल उजाडावे लागले, हेही त्या मुलांना सांगितले पाहिजे. चौतीस वर्षे समाजाने जे मागितले, ते खिडकीपाशी पाच मिनिटांच्या संकोचापायी सोडून देऊ नये.

पास हाती आला की शहर कसे उघडते, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा पास असला म्हणजे वाटेतल्या कोणत्याही स्थानकावर उतरता येते. दादरला उतरून चैत्यभूमीला जाता येते, हिंदू कॉलनीतले राजगृह पाहता येते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही दादरलाच आहे. शेवटच्या स्थानकावरून चालत गेले की सिद्धार्थ महाविद्यालय लागते. १९४६ साली ते काढताना नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. कामावर जाणारा मुलगा किती वाजता घराबाहेर पडतो, याचा विचार त्या वेळापत्रकात होता. आजच्या किती महाविद्यालयांच्या वेळापत्रकात तो असतो?

मार्ग निवडतानाही डोके चालवावे लागते. कल्याणहून कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात जाणारा मुलगा दादरला गाडी बदलून सांताक्रूझला उतरू शकतो, किंवा कुर्ल्याला उतरून बेस्टच्या बसने जाऊ शकतो. दुसरी वाट जवळची आहे, पण ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आहे. जाऊन-येऊन २० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० रुपये. रेल्वेच्या सवलतीच्या मासिक पासाहून कितीतरी जास्त. तेव्हा एक तर पास दादरमार्गे सांताक्रूझपर्यंत काढावा, नाहीतर बेस्टचा विद्यार्थी पास घ्यावा. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर १ मे २०२३ पासून २५ टक्के सवलत आहे, पण ती बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना. दूरचे महाविद्यालय बारावीनंतरच सुरू होते, हे सवलत आखणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

हप्त्यावर दुचाकी घेऊन देणाऱ्या पालकांविषयी फार लिहीत नाही. पेट्रोल आणि हप्ता मिळून जी रक्कम होते, तीत मुलाची वर्षभराची पुस्तके येतील.

स्वस्त प्रवासाची दुसरी किंमत मात्र लपवता येणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यांतील काही प्राणास मुकले. दारात उभे राहण्याची हौस सगळ्यांनाच नसते. आत जागा नसते म्हणून माणसे दारात उभी राहतात. गाड्या वाढवण्याची मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत शिष्यवृत्तीच्या मागणीइतकीच वर असायला हवी. तोवर नव्या मुलाला एवढे तरी शिकवावे, की पहिला तास बुडला तरी चालेल, भरलेली गाडी सोडून द्यावी.

आमची सूचना साधी आहे. माजी विद्यार्थी दरवर्षी शाळेस पंखे, घड्याळे, तसबिरी भेट देतात. यंदा त्या निधीतून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पहिला तिमाही पास काढून द्यावा. आणि कल्याण, ठाणे, कुर्ला, दादर, वसई या बाजूंना राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव व जवळचे स्थानक शाळेच्या कार्यालयात कळवावे. जून-जुलैत नवे मूल उतरेल, तेव्हा पहिले चार दिवस त्याच्यासोबत गाडीत चढायला कोणीतरी आपले माणूस लागेल.