थंडीतले गुलाब आणि मे महिन्यातलं पाणी

मंडळी, डिसेंबर आला की गुलाबांचे फोटो येऊ लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ सल्ले. त्यातले निम्मे विलायती पुस्तकांतले. थंडीत गुलाब झाका, पाणी तोडा, झोपू द्या म्हणे! त्या देशात ते खरंच आहे. माझी भाची मिनियापोलिसला असते. ती सांगते, तिकडे ऑक्टोबरात गुलाबाशेजारी चर खणतात, एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झाड त्या चरात आडवं करतात आणि वरून माती नि पालापाचोळा लोटून पुरून टाकतात. एप्रिलात पुन्हा उभं करायचं. तिथल्या बर्फात दुसरं काय करणार बिचारे?

पण जालन्यात? आपली थंडी म्हणजे रात्री १०-१२ अंश, एखाद्या लाटेत त्याखाली, आणि दुपारी छान ऊन. गुलाबाला यापेक्षा सुखाचे दिवस नाहीत. इथे त्याला थंडी झोपवत नाही, झोप आपण द्यायची असते, तीही थंडीच्या आधी. मोसंबीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यायचा, हे अंबड-घनसावंगीकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. गुलाबाचंही तेच. पाऊस सरला की आठवडाभर पाणी बंद, मग छाटणी, मग शेणखत आणि भरपूर पाणी. जुने माळी ताणाच्या दिवसांत मुळांवरची माती उकरून ऊनही देत. जमिनीतल्या झाडाला ते चालतं. कुंडीतल्याची मुळं मात्र उघडी करू नयेत, पाणी कमी केलं तरी पुरे.

छाटणी मी कोजागिरीनंतर, दिवाळीच्या आत करते. त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. इथेच बहुतेकांचा हात अडखळतो. हिरवंगार झाड, दोन-चार कळ्याही असतात, कापायचं कसं? कापायचंच. कलमी गुलाबाच्या तीन-चार जोमदार फांद्या ठेवायच्या, दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा दिसायला हवा. तपकिरी दिसला तर अजून खाली या. सिकेटर धारेचा असावा, घरातली कात्री फांदी चिरडते. कापावर बोर्डो मलम लावलं की शेंड्याकडून मर लागण्याची भीती कमी. आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, ती बुडातून काढून टाका. नाही काढली तर दोन वर्षांत ग्लॅडिएटर जातो आणि जंगली खुंट राहतो. मग लोक म्हणतात, "नर्सरीवाल्यानं फसवलं."

थंडीतला खरा शत्रू भुरी. रात्री गार, दिवसा ऊन, की कोवळ्या पानांवर पीठ पडल्यासारखं दिसतं. पाण्यात विरघळणारं गंधक सकाळी फवारलं की आटोक्यात येते. फक्त कडक उन्हाच्या दिवसांत ते फवारू नये, पानं करपतात. पाणी सकाळी घालावं, पानांवर नको. बाकी बाटलीतल्या टॉनिकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, असो.

आता मुद्द्याचं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. वीस-वीस वर्षांची झाडं लोकांनी तोडून सरपणाला घातली. शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं. माझ्या दारात तेव्हा बावीस गुलाब होते. गल्लीतल्या एक वहिनी टँकरच्या रांगेत उभ्या असताना म्हणाल्या, "बाई, माणसांना प्यायला नाही आणि तुमच्या गुलाबांना?" मला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता, आणि आजही आहे.

यावर काहीजण म्हणतात की गुलाब हे पोट भरलेल्यांचं वेड. मला ते पटत नाही. तांबेऱ्याला दाद न देणारे गव्हाचे वाण काढणारे डॉ. बी. पी. पाल, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, यांनीच भारतात गुलाबाचे कितीतरी नवे वाण काढले. एकाच माणसाला भाकरीही कळत होती आणि फूलही.

पण म्हणून पिण्याच्या पाण्यावर गुलाब पोसायचे नाहीत. माझा हिशेब असा: डिसेंबरात किती फुलं हवीत यावर झाडं लावू नयेत, मे महिन्यात सांडपाण्याच्या किती बादल्या उरतात ते मोजून लावावीत. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाज्यांचं पाणी चालतं. साबणाच्या पावडरीचं आमच्या काळ्या मातीला सोसत नाही. आर.ओ.मधून बाहेर पडणारं पाणीही नको. बोअरचं पाणी मुळात क्षारांचं, त्यातून ते आणखी खारट होऊन येतं आणि पानांच्या कडा जळतात. त्यानं फरशी पुसावी. आमच्या घरी हे सगळं मोजून उन्हाळ्यात रोजची दीड बादली निघते. त्यात पाच गुलाब जगतात, बुडाशी उसाचं पाचट अंथरलं तर.

म्हणून त्या वर्षी पाच ठेवले, बाकीचे जाऊ दिले. त्यानंतर चांगले पावसाळे आले, धरणं भरली, तरी आकडा वाढवलेला नाही. रोपवाटिकेच्या गाड्या दारावरून जातात, मोह होतो, नाही असं नाही. आणि पाच झाडं नीट छाटली तर पुरतात हो! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देऊन २६ जानेवारीला शाळेच्या झेंड्यात बांधायला पाकळ्या उरतात. शाळा सुटली तरी तेवढं मागायला पोरं अजून येतात.

त्या पाचांत एक गावरान, गुलकंदाचा आहे. त्याच्या काड्या सहज लागतात. छाटणीला पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडून मी ओल्या गोणपाटात ठेवते. कुणाला हव्या असतील त्यांनी कोजागिरीपर्यंत निरोप द्यावा. मात्र घरी उन्हाळ्यात किती पाणी उरतं, हे मी आधी विचारणार.